पापा त्रेविलचा संथपणा

"रविवारच्या अंत्ययात्रेत तू वाजवणार नाहीस. दुसरा ट्रम्पेटवाला बघतो मी!" अल्सिड मेतोये ओरडला. ताटातल्या सोमवारच्या राजमा-भाताला त्याने हातही लावला नव्हता.

वेंडेल वीस वर्षं त्याच्या बँडमध्ये होता आणि वीस वर्षं एकाच गाण्यावरून शिव्या खात होता. ट्रेमे वस्तीतल्या प्रत्येक मयतीला वाजणारं ते जुनं गाणं आपल्या गुरूंसारखं, पापा त्रेविलसारखं संथच वाजलं पाहिजे, हा अल्सिडचा धर्म. वेंडेलला स्लिम गॅडिस या दुसऱ्या वादकाची पळती तऱ्हा प्यारी.

"तुझा स्लिम वाजवतो की पाकीट मारून पळतो? पापांचा सूर बघ, कसा उसासा टाकत येतो!"

"उसासा कसला, जांभई म्हणा! त्या चालीने गेलं तर मयताच्या आधी खांदेकरी जायचे."

"तोंड सांभाळ! लाव दोन्ही रेकॉर्डी. मी चुकलो तर तुझी जागा पक्की, शब्द देतो."

अल्सिडच्या ग्रामोफोनला हात लावायची कुणाची टाप नव्हती, म्हणून वेंडेलने स्वतःचा आणला होता. त्यावर आधी स्लिम वाजला. मग पापा लागले, आणि स्लिमच्याही पुढे सुसाट निघाले.

"तुझं यंत्र भिकार आहे!"

अल्सिडची बायको ऑर्थेलिया स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन आली. पापांच्या रेकॉर्डच्या पाकिटावर तीन मिनिटं छापलेली होती. वेंडेलच्या यंत्रावर बरोब्बर तीन भरली. अल्सिडच्या यंत्रावर साडेतीन.

"तुझ्या यंत्राचा पट्टा सैल आहे रे, हळू फिरतं ते," ती म्हणाली. "आणलास तेव्हाच सांगितलं होतं मी. माझं ऐकतोस कधी?"

अल्सिडचे कान लालबुंद झाले. पण गुरू तो गुरू.

"ठीक आहे. पापा पळतात, तर आपणही पळायचं. उचल ट्रम्पेट!"

वेंडेल खुशीत सुरू झाला. दोनच ओळी गेल्या आणि त्याचा प्रत्येक सूर रेंगाळायला लागला. त्याने घाम पुसला, पुन्हा धरलं, पुन्हा तेच. ते संथ सूर ऐकून ऑर्थेलियाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मागे पडतोयस, गाढवा!"

"घाई होतच नाही हो आता! वीस वर्षं तुम्हीच ठोकून ठोकून बसवलंय हे!"

"सबबी नकोत. असला रेंगाळणारा माणूस माझ्या बँडला नको."

"अहो, शब्द दिलाय तुम्ही!"

"पापांचा अपमान करणाऱ्याला कसला शब्द?" अल्सिडने दार सताड उघडलं. "घरी जा आणि त्यांची रेकॉर्ड नीट ऐक. तुझ्याच यंत्रावर ऐक!"