पन्नास मायक्रोग्रॅमची बढती

बढती मिळाली तर भांडारपालांचा फायदा तिहेरी होता. तळघरातून वरच्या खिडकीच्या खोलीत बसायला मिळणार, हाताखाली एक कारकून येणार, आणि बायकोने माहेरी आधीच सांगून टाकलेली बातमी खरी ठरणार. तिसऱ्या कलमाचं वजन पहिल्या दोहोंपेक्षा जास्त होतं. अट एकच होती. शुक्रवारच्या तपासणीत संशोधन संस्थेच्या भांडारात एकही वस्तू कमी भरता कामा नये.

सोमवारी बर्फाच्या खोक्यातून एक कुपी आली. करंगळीच्या पेराएवढी. वर चिठ्ठी होती: मानवी ग्राही प्रथिन, पन्नास मायक्रोग्रॅम. हे प्रथिन पेशीच्या अंगावर दाराच्या कडीसारखं बसलेलं असतं. माणसाचा जनुक दुसऱ्या पेशीत घालून ते कारखान्यात पिकवतात आणि कुठलं औषध त्या कडीला धरतं, ते प्रयोगशाळेत बघतात. मागवलं होतं संशोधक बाईंनी, आणि त्या गुरुवारपर्यंत परिषदेसाठी बाहेरगावी होत्या.

भांडारपालांनी कुपी उजेडात धरली. आत काही नव्हतं. कानाशी हलवली. आवाजही नाही. खाली 'माल तपासून घेतला' असं छापलेलं, आणि त्याखाली सही करायची. कशावर?

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, की प्रथिन सुकवून पाठवतात, ते काचेला आतून चिकटलेलं असतं.

"काका, आहे त्यात. फक्त दिसत नाही."

"हे बघ पोरी, देवाबद्दल असं कुणी बोललं तर मी ऐकून घेतो. मालाबद्दल नाही."

मग त्यांनी कुपी उघडली, काळ्या कागदावर उपडी केली, बुडावर टिचक्या मारल्या. काही पडलं नाही. 'कुपी रिकामी मिळाली' अशी लेखी तक्रार त्यांनी रवाना केली, आणि पुरावा स्वच्छ असावा म्हणून ती कुपी नळाखाली दोनदा विसळून खणात ठेवली. नसती कटकट नको म्हणून कंपनीने दुसरी पाठवली. ती गुरुवारी आली. तीही रिकामी.

ते ती उघडणार एवढ्यात बाई बॅगेसकट दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती हातातून काढूनच घेतली. साखरेच्या दाण्याचा दहावा हिस्साही नसतो हा माल, त्या म्हणाल्या, दिसणार कसा? पाण्यात मात्र लगेच विरघळतो.

भांडारपालांना नळ आठवला.

शुक्रवारी तपासणीचे साहेब आले. बाईंनी तपासणीपुरती भांडारात ठेवू दिलेली कुपी त्यांनीही उजेडात धरली.

"यात काय आहे?"

"प्रथिन."

"कुठंय?"

"आहे, साहेब. फक्त दिसत नाही," भांडारपाल म्हणाले, आणि आपल्याच तोंडून त्या मुलीचा आवाज ऐकून दचकले.

साहेबांनी पेन्सिलने 'एक नग कमी' असं लिहिलं. भांडारपाल दोन-दोन पायऱ्या गाळत बाईंकडे धावले. बाईंची उद्यापासून रजा होती, नवऱ्याने सामानसुद्धा बांधून ठेवलं होतं. आणि प्रथिन एकदा विरघळलं की आठवड्याच्या आत वापरावं लागतं. पण भांडारपालांचा चेहरा बघून त्यांनी निमूटपणे हातमोजे चढवले. कुपीत द्रावण घातलं, मग प्रथिन असेल तरच निळ्या होणाऱ्या बारीक खाचांच्या ताटलीत थेंब थेंब सोडला. तीन तासांनी खाचा निळ्या झाल्या. प्रथिन हजर होतं.

साहेबांनी पेन्सिलीचं खोडलं. भांडारपालांना स्फुरण चढलं.

"बघा साहेब. रिकामी दिसते, पण असते भरलेली. माणसानं नुसत्या डोळ्यांवर जाऊ नये."

"पटलं बुवा," साहेब फाइल चाळत म्हणाले. "म्हणजे ही तुमची सोमवारची तक्रार, कुपी रिकामी मिळाली म्हणून, ती कुपीही भरलेलीच असणार की. कुठंय ती?"

भांडारपालांनी खण उघडला. कुपी कशी लख्ख होती.

"धुतली," ते म्हणाले. आणि खोटं बोलण्याची जिभेला सवय नव्हती म्हणून भर घातली, "दोनदा."

एकूण हिशेब असा झाला. कंपनीची एक कुपी फुकट गेली. बाईंची रजा गेली; त्या आठवडाभर निळ्या खाचा मोजत बसल्या आणि नवरा दोघांचं सामान घेऊन एकटाच फिरून आला. भांडारपालांची बढती वर्षभर पुढे गेली, आणि तिच्यामागोमाग बायकोचं माहेरी जाणंही. साहेबांचं मात्र काहीच गेलं नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले, चहा घेतला, आणि ते स्वतःच गेले.