आधी गाव, मग नेट

रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसांना फुकट इंटरनेट वाटणारा आणि त्या बदल्यात त्यांची नातीगोती उकरणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझ्या शेजारी राहतो.

बापूकाका कोपरगावचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झाले. त्यांची लेक नागपूरला, आणि माझं ऑफिस मला अधूनमधून तिकडंच पिटाळतं, त्यामुळे प्रवास बरेचदा जोडीनं होतो. गाडी हलली की काका मोबाईलचं हॉटस्पॉट चालू करतात. दोन कंपन्यांची सिमं, विटेएवढी पॉवर बँक, असा सगळा जामानिमा. मग समोरच्याला विचारतात, "नेट पाहिजे का?"

नको कोण म्हणणार? मनमाडच्या पुढं रेंजची बोंबच असते. पण पासवर्ड असा सहजासहजी मिळत नाही. "आधी गाव, मग नेट," हा काकांचा कायदा. गाव सांगितलं की अर्धा पासवर्ड. उरलेला अर्धा ओळख निघाल्यावर. आणि ओळख निघतेच, कारण सगळी नोकरी काट्यावर गेल्यामुळे कुणाचा मेहुणा कुठं ऊस लावतो ते काकांना पाठ आहे. एका बंगाली साहेबांची काही केल्या ओळख निघेना, तेव्हा त्यांना त्यांच्याकडचा कांद्याचा भाव विचारून काकांनी काम भागवलं.

एक कलम फार कडक. कानात इअरफोन घातले की नेट बंद. "कानात बोंडं घालायची तर माजं नेट कशाला?" एका कॉलेजच्या मुलीची सिरियल त्यांनी ऐन लग्नाच्या प्रसंगात तोडली. ती भडकली, मी ओशाळलो, आणि काकांनी तिला पुढची गोष्ट तोंडी सांगायला लावली. भुसावळ येईपर्यंत आम्ही सगळे ती ऐकत होतो.

मागच्या खेपेला मात्र डब्यात शिरलो तर भिंतीवर पाटी: मोफत वायफाय. आणि ते चाललंही झकास. काकांनी सवयीनं विचारलं, तर समोरच्या साहेबांनी वर न बघताच पाटीकडं बोट केलं. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. काका उगाच दारापर्यंत जाऊन आले. भरल्या डब्यात त्यांच्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं. एरवी त्यांच्या चौकशांचा मला वैताग येतो, पण त्या दिवशी त्यांचं ते गप्प बसणं बघवेना.

जळगाव गेल्यावर मी म्हणालो, बरं झालं काका, तुमचा रिचार्ज वाचला.

"रिचार्जचं काय न्हाई रं," ते म्हणाले. "तुजी काकू हुती तवा मला तोंड उघडायची गरजच पडली न्हाई. ती दशम्यांचा डबा समद्यांम्होरं धरायची, की लोक आपसूक बोलाया लागायचे. ती गेली. मला सैपाक येत न्हाई. म्हनून मग ह्ये नेट वाटाया लागलो."



परतीच्या गाडीतही तीच पाटी होती. काकांनी मोबाईल खिशातून काढलाच नाही. पिशवीतून स्टीलचा डबा काढला. लेकीच्या स्वयंपाकघरात हटून बसून त्यांनी स्वतः दशम्या केल्या होत्या. जाडजूड, एका बाजूनं करपलेल्या, कुठलाच आकार न धरलेल्या. डबा त्यांनी समोरच्या बाईंपुढं धरला.

बाईंनी संकोचानं एक तुकडा मोडला, चावला आणि मोबाईल बाजूला ठेवला. कुणी केल्या म्हणून विचारलं. काका म्हणाले, मीच. मग काय, बाईंनी त्यांना फैलावरच घेतलं. पीठ पाण्यात भिजवलंत का, दुधात भिजवायचं असतं. गूळ आधी विरघळवायचा. तवा एवढा तापवतात का. वरच्या बर्थवरचा माणूस खाली उतरला आणि आमच्याकडं तर साय घालतात म्हणून वाद घालू लागला. काका मान खाली घालून ऐकत होते. बाई दमून थांबल्या, तेव्हा त्यांनी हळूच डोळे पुसले.

"अजून बोला की, ताई," ते म्हणाले. "तीबी असंच रागवायची."