आमशाच्या अर्जातलं हरिण

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. जहीर मुन्शी शहाद्याच्या कचेरीबाहेर चिंचेखाली नेहमीच्या जागी चटई टाकून बसला होता. म्हसावदच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी राहणारा आमशा सकाळीच येऊन त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"मुन्शीभाऊ, हरणेसनी मन्ही दादर खाई टाकी. आते अर्धीच ऱ्हायनी."

दादर म्हणजे आमशाच्या घराची वर्षाची ज्वारी. तीरकामठा घरात होता आणि नेमही चांगला होता. पण परवानगीशिवाय हरिण मारलं तर तुरुंग. परवानगी देणारा जंगलखात्याचा साहेब गोरा होता, त्यामुळे अर्ज इंग्रजीत हवा होता. आणि इंग्रजी अर्ज लिहिणारा त्या चिंचेखाली एकच होता.

"कितला हरणं शेतस?" जहीरने टाक दौतीत बुडवत विचारलं.

"चाळीस. कमी नही."

जहीरने चाळीस लिहिलं नाही. अर्जात आकडा घालायचा नाही, हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता होता. आकडा घातला की कचेरी मोजायला माणूस पाठवते, आणि एकोणचाळीस भरली की अर्जदार खोटा पडतो. शिवाय एकाहून जास्त दाखवायचं तर शब्दाला शेपटीसारखा एक 'एस' लावला की झालं. त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, की 'डिअर्स'नी गरिबाचं पीक खाल्लं आहे.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. 'डिअर्स'खाली तांबडी रेघ होती आणि बाजूला साहेबाच्या हातचा शेरा होता. जहीरने तो मनातल्या मनात दोनदा वाचला आणि मग हळू आवाजात सांगितला, "म्हणे या नावाचं जनावर या जंगलात नाही."

"नही?" आमशा म्हणाला. "मंग मन्ही ज्वारी कोनी खादी?"

जहीर तडक उदेसिंग मास्तरांकडे गेला. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी शेरा पाहिला आणि चष्मा काढला.

"मुन्शीजी, डिअरला एस लागत नाही. एक असलं तरी डिअर, शंभर असली तरी डिअर. मेंढरांचं तसंच, 'शीप'. आता पुढचं क्रियापद मात्र..."

पुढचं ऐकायला जहीर थांबलाच नाही. वीस वर्षांत आपण किती अर्जांमध्ये किती मेंढरांना एस लावला असेल, या विचाराने त्याला घाम फुटला होता. चिंचेखाली येऊन त्याने आमशाला सगळं समजावलं.

आमशाला त्यात नवल वाटलं नाही. "आम्हना भी बैल एक शे तरी बैल, दोन शेत तरी बैल. पन आम्ही इचारी लेतस ना, कितला म्हनीसन!"

दुसऱ्या अर्जात जहीरने एस काढला. पण एस नाही म्हणजे एकवचन, हे त्याच्या हाडात इतकं मुरलं होतं, की पुढे 'हॅव'ऐवजी आपोआप 'हॅज' उतरलं.

या वेळी मात्र परवानगी आली. पीक खाणारं एक हरिण मारण्यास हरकत नाही. मात्र जे मारलं जाईल तेच खाणारं होतं, याची खात्री जंगलशिपायाने करावी आणि कातडं जमा करावं.

हुकूम घेऊन दोधू शिपाई आमशाच्या झोपडीत उतरला. संध्याकाळी कळप शेतात शिरला. आमशाने तीर लावला तसा दोधूने त्याचा हात धरला.

"थांब. यामा गुन्हेगार कोन्ता?"

"अवघाच शेतस."

"हुकूममा एकच शे. भलताच मराना त मन्ही नोकरी जाई. नीट वळखी काढ."

ओळख पटवण्यात चार दिवस गेले. दिवसभर दोधू खाटेवर पडून राही, संध्याकाळी बांधावर बसून 'हा नही, हा नही' म्हणे आणि रात्री कोंबडी मागे. पाचव्या दिवशी खुराड्यात एकच कोंबडा उरला. तेव्हा आमशाची बायको दिवलीबाई नवऱ्याला म्हणाली, "हरणं बरी. कोंबड्या त खातस नही."

त्या संध्याकाळी आमशाने कान फाटलेल्या एका नराकडे बोट दाखवलं आणि शपथेवर सांगितलं, की हाच तो. तीर लागून नर पडला तसे दोधूने त्याच्या तोंडात ज्वारीचे दाणे सापडतात का ते तपासलं, कातडं घेतलं आणि गेला. उरलेली एकोणचाळीस दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झाली.

जहीर पुन्हा मास्तरांकडे गेला आणि या वेळी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून आला. तिसऱ्या अर्जात 'हॅव' होतं. मास्तरांनी स्वतः तपासून दिलेला तो अर्ज जहीरच्या आयुष्यातला पहिला निर्दोष इंग्रजी कागद होता.

त्याचं उत्तर लवकर आलं. आमशा जहीरच्या तोंडाकडे पाहत होता. जहीरने ते वाचलं आणि कागदाची पुन्हा घडी घालायला घेतली.

"काय लिखेल शे, मुन्शीभाऊ?"

"लिहिलंय, की अर्जदाराचं हरिण मागल्या महिन्यात ठार झालं आहे. मेलेलं हरिण ज्वारी खाऊ शकत नाही. अर्जदाराने आणि अर्ज लिहिणाऱ्याने सरकारची दिशाभूल का केली, याचा समक्ष खुलासा करावा."

"लिखनाराले भी बलायेल शे?"

"हो," जहीर म्हणाला. अर्ज लिहिण्याची सनद गेली तर चार पोरांना काय खायला घालणार, हे त्याला सुचत नव्हतं. त्या रात्री तो जेवलाच नाही.

साहेबाचा तळ म्हसावदजवळ पडला होता. दोघं हात जोडून उभे राहिले. साहेबाने तिन्ही अर्ज टेबलावर पसरले आणि जहीरकडे पाहून विचारलं, "हरणं आहेत तरी किती?"

"चाळीस, साहेब. आता एकोणचाळीस."

"मग चाळीस असं लिहिलं का नाहीस?"

वीस वर्षांचा शिरस्ता साहेबाला इंग्रजीत सांगणं जहीरला जमलं नाही. साहेबाने एक सुस्कारा सोडला आणि कारकुनाला मजकूर सांगितला. जहीरची सनद शाबूत राहिली. आमशाला हवी तितकी हरणं मारण्याची परवानगी मिळाली. फक्त तिची प्रत रीतसर वर जाऊन, शिक्का होऊन खाली यायची होती.

ती यायला माघ उजाडला. हुकूम घेऊन जहीर स्वतःच म्हसावदच्या पुढे चालत गेला. इतक्या महिन्यांनी आमशाच्या तोंडावर हसू बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

आमशा बांधावर बसला होता. त्याच्या शेतात बुडखे तेवढे उरले होते. बांधापलीकडे शेजारी रेवजीच्या भरल्या दादरमध्ये एकोणचाळीस हरणं निवांत चरत होती.

"हुकूम आना," म्हणत आमशाने तीर उचलला.

जहीरने हुकूम उघडला, वाचला आणि मिटला. "आमशाभाऊ, तुन्हाच शेतमा मारानी परवानगी शे. बांध वलांडना त गुन्हा."

आमशाने तीर खाली ठेवला. तेवढ्यात रेवजी धापा टाकत आला.

"मुन्शीजी, माले एक अर्ज लिखी द्या! हरणं..."

"नही!" जहीर इतक्या जोरात ओरडला, की हरणांनीही मान वर केली. "अर्ज नको. हाकली द्या त्यासले आमशाना शेतमा."

मग दोघं रेवजीच्या बाजूने हाकारे घालू लागले आणि आमशा आपल्या शेतात तीर लावून बसला. हरणं बांधापर्यंत येत, पलीकडचे बुडखे बघत आणि वळसा घालून पुन्हा दादरमध्ये शिरत. दुपारपर्यंत तिघंही थकले.

"तठे खावाले काय शे, की त्या जातीन?" रेवजी वैतागून म्हणाला. मग त्यालाच युक्ती सुचली. त्याने विळ्याने सपासप दादर कापली आणि कणसांसकट सहा भारे आमशाच्या शेताच्या मधोमध नेऊन टाकले. पुरतील न पुरतील म्हणून आणखी चार टाकले. मग तिघं झुडपामागे दबा धरून बसले.

सूर्य कलला. हरणांनी भाऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उभी ज्वारी त्यांना जास्त आवडत असावी. अंधार पडायला लागला तसा रेवजी कपाळ बडवत घरी गेला. जहीर घोंगडीवर आडवा झाला.

तेवढ्यात शेताच्या मधोमध काहीतरी हललं. आमशाने झटकन तीर ताणला. मग हळूच दोरी सैल केली.

दिवलीबाई होती. कुणाला काही न विचारता तिने पहिला भारा डोक्यावर घेतला होता आणि दुसऱ्यासाठी ती नवऱ्याला हाताने खुणावत होती.