उघड्या मानेची कोंबडी

शिकारी कुत्री झेमले लव्हाळ्यातून बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात फेझंट पक्षी नव्हता, कोंबडी होती. जिवंत, लाळेने भिजलेली आणि ओडोनकडे बघून डोळे वटारणारी.

ओडोन गुडघ्यावर बसला, हात पुढे केले आणि हलकेच म्हणाला, "सोड." कुत्रीने ती अलगद त्याच्या ओंजळीत ठेवली. त्याने एकेक पंख उघडून पाहिला, पोटाखाली बोटं फिरवली. कुठे दात लागला नव्हता. मानेवर मात्र एकही पीस नव्हतं.

"सोलायला सुरुवात केलीय तिने," त्याचा शिकारीतला जोडीदार वेंडेल म्हणाला. "उरलेलं मी बघतो. रात्री झणझणीत रस्सा."

"जातच तशी असते. पाळलेली आहे कुणाची तरी. परत द्यायला हवी."

"कुणाची ते तुला चांगलं ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. लव्हाळ्याच्या कडेला घर एकच, एटेल्काचं. ओडोन तिसा नदीवर नाव चालवायचा त्या दिवसांत तिला रोज पलीकडे सोडायचा, आणि मनातलं सांगायला नदी थोडी आणखी रुंद हवी होती असं त्याला वाटायचं. पुढे तिच्या लग्नाचं वऱ्हाडही त्याच्याच नावेतून गेलं. ती विधवा झाल्यावरही तो लांबच्या वाटेने घरी जायचा. फाटकापाशी थांबायला त्याला निमित्त सापडत नव्हतं.

आज निमित्त काखेत फडफडत होतं.

एटेल्का हात पुसत बाहेर आली. केस पांढरे झाले होते, पण मान तिरकी करून बघण्याची लकब तीच.

"माझ्या कुत्रीने धरली. चुकून," ओडोन म्हणाला. "लागलेलं नाही. तुमचीच ना?"

तिने कोंबडीकडे पाहिलं, मग बराच वेळ त्याच्याकडे. तिच्यामागे अंगणात उघड्या मानेच्या सात-आठ कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"माझी नाही," ती म्हणाली.

"मग आता?"

"आता सांभाळा. काही अडलं तर विचारायला या."

पदोपदी अडू लागलं. कोंबडीने त्याच्या शिकारीच्या बुटात अंडं घातलं; ते त्याला पाय घातल्यावर कळलं. तो विचारायला गेला. "बूट उंचावर ठेवायचे," एटेल्का म्हणाली आणि कॉफी ठेवली. मग कोंबडी मका खाईना. तो पुन्हा गेला, या वेळी दाढी करून. मग झेमले कोंबडीपासून हलेना. लव्हाळ्यात नेलं तर फेझंट नाकासमोरून उडून जायचे आणि कुत्री घराच्या दिशेने तोंड करून उभी. त्याबद्दलही विचारायला हवंच होतं.

"अख्ख्या हंगामात एक पक्षी नाही," वेंडेल वैतागला. "एका कोंबडीपायी."

"धनी सापडत नाही, काय करू?"

"अरे गाढवा, पंचक्रोशीत ती जात पाळतं कोण? तिच्याशिवाय एक तरी घर दाखव."

ओडोन बंदूक खांद्यावर तशीच धरून उभा राहिला. मग घराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी तो कोंबडी घेऊन एटेल्काकडे गेला. रस्ताभर त्याने वाक्य जुळवलं होतं, पण फाटकातच कोंबडी काखेतून निसटली. तरातरा अंगण ओलांडून ती खुराड्यात शिरली, वरच्या दांडीवर चढली, शेजारणीला ढकलून आपल्या जागेवर बसली आणि डोळे मिटले.

दोघं बघत राहिली. एटेल्काच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते लपवायला तिने जवळच ठेवलेला मक्याचा डबा उगाच उचलला.

आता हातात निमित्त उरलं नव्हतं. उद्यापासून पुन्हा लांबची वाट, हे ओडोनला स्पष्ट दिसलं. जुळवलेलं वाक्य पूर्वीसारखंच मनातच राहिलं.

तो वाकून खुराड्यात शिरला. चोची खात, पिसं झटकत त्याने ती कोंबडी बाहेर काढली आणि पुन्हा काखेत धरली.

"परक्याच्या घरात शिरायची खोड आहे हिला," तो म्हणाला. "नेतो मी."

"न्या," एटेल्का म्हणाली. डबा तिने खाली ठेवला. "पण हिचा पाय मला थोडा लंगडा वाटतोय. रोज आणून दाखवा."