साहेबांच्या निरोपाचा सोलो

शुक्रवारी मोठे साहेब निवृत्त होणार आणि सोमवारी त्यांच्या खुर्चीत फूटपट्टी बसणार, हे नकाशांच्या त्या ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. या ड्राफ्ट्समनला फूटपट्टी हे नाव त्याच्या सरळ रेघांमुळे पडलं होतं, आणि ऑफिसच्या बँडमध्ये लीड गिटारही तो तशीच वाजवायचा. एक सूर चुकायचा नाही आणि एकही कुणाच्या लक्षात राहायचा नाही.

निरोप समारंभातला सोलो त्याचाच होता. तालमीत ड्रम वाजवणाऱ्या स्टोअरकीपरने काठ्या खाली ठेवल्या.

"अरे, साहेब चाललेत. थोडं तरी वाईट वाटू दे त्या गिटारीला!"

"सगळं वाजवलं की. काही राहिलं का?"

"काही राहिलं नाही हीच तर पंचाईत! कुठे थांबत नाहीस, दम घेत नाहीस. मालगाडी गेल्यासारखं वाटतं."

आता वाईट वाटावं कसं? फूटपट्टीच्या मनात तर खुर्चीच्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्याने घरी आरशासमोर डोळे मिटून, भुवया ताणून, मान मागे टाकून वाजवून पाहिलं. बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन धावत आली.

"पाठीत उसण भरली का हो?"

"भावना आणतोय!"

"अशा नाही यायच्या. साहेबांना काय सांगायचंय ते आधी तोंडाने बोला, मग तेच गिटारीवर म्हणा. आवंढा येईल तिथे थांबा."

"साहेब, पुलाचा नकाशा तुम्ही सात वेळा परत पाठवलात!" तो म्हणाला, आणि गिटार खेकसली. बरं वाटलं. "आठव्यांदा शेजारी बसून रेघ कशी ओढायची ते दाखवलंत..." बोटाखालची तार आपोआप वर ओढली गेली, सूर थरथरत राहिला. "आणि बाबा गेले तेव्हा महिनाभर माझं काम स्वतः केलंत. कुणाला बोलला नाहीत." इथे तो थांबला. बायकोने जाऊन गॅस बंद केला आणि ऐकत बसली.

शुक्रवारी त्याने तेच वाजवलं. मध्ये तो थांबायचा तेव्हा सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. स्टोअरकीपर ड्रम वाजवायचंच विसरला. साहेबांनी आपला रुमाल भिजवला, मग शेजाऱ्याचा भिजवला, आणि भाषणाला उठून खिशातून एक कागद काढला.

"कंपनीने मला आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलंय. म्हटलं, इथे आपण कुणाला हवे आहोत? 'नामंजूर' लिहून देणार होतो. पण आत्ता जे ऐकलं..." त्यांनी पेन उघडलं. "सहीला टेकू म्हणून काही आहे का रे?"

फूटपट्टीने सवयीने गिटार उलटी करून पुढे धरली. तिच्या पाठीवर कागद ठेवून साहेबांनी 'मंजूर' लिहिलं, सही ठोकली आणि त्याला मिठी मारली. टाळ्या थांबेनात.

"मिळाली खुर्ची?" बायकोने दारातच विचारलं.

"दोन वर्षं लांबली." आणि तो खो खो हसत सुटला. "पण साहेब रडले गं! माझ्या गिटारीवर रडले!"

"आणि दोन वर्षांनी?"

"तेव्हा पूर्वीसारखंच वाजवीन. सरळ, कोरडं."

"ते आता तुम्हाला जमायचं नाही," बायको म्हणाली.