हरणीचा नैवेद्य

बाबूतात्या कुणाला रामराम करत नसत. थेट बरगडीत बोटं घालत. गल्लीत नवा भाडेकरू आला की शर्टावरून हात फिरवून खेकसायचे, "चरबी चढलीया. चालवा ह्याला."

रिक्षा वाढल्या तेव्हा तात्यांनी टांगा विकला, पण हरणी घोडी ठेवली. तिला कोल्हापूर ते गगनबावडा शर्यतीत पळवायचं होतं. वैरण दिवसभर थोडी थोडी, भिजवलेले हरभरे मुठीनं. रोज सकाळी तिच्या कुशीवर हात. "बरगडी हाताला घावली पायजे, डोळ्याला न्हाय." वरातीतला गुबगुबीत घोडा दिसला की मालकाला भर रस्त्यात अडवायचे, "पावणं, घोडं हाय का गादी?"

एका दसऱ्याला माझ्या बायकोनं, मालतीनं, माझ्या सायकलची पूजा केली. सायकल काही नैवेद्य खात नाही. म्हणून तिनं पाच पुरणपोळ्या तुपात भिजवून हरणीला चारल्या. शर्यत तिसऱ्या दिवशी होती. हरणीचं पोट दुखू लागलं. ती पाय आपटत, मान वळवून पोटाकडे बघत राहिली. तात्या तिला धरून गल्लीत फेऱ्या मारत होते. आमच्या दारापुढं आले की दर फेरीला ओरडत, "वैनी, वरीसभर घडवलेलं अंग एका दुपारात नासवलंसा!"

शर्यत हुकली. तात्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. हरणी मात्र रोज आमच्या फाटकाशी थांबून मान आत घालायची. तात्या लगाम ओढत शिव्या द्यायचे; मालती पदर तोंडाला लावून हसायची.

पुढच्या उन्हाळ्यात मालती गेली. तात्या भेटायलाही आले नाहीत, याचा मला फार राग आला. जे आले त्यांचाही आला. डबे घेऊन यायचे, ताट शिगोशीग भरायचे, "खा हो मास्तर" म्हणत समोर बसायचे. मला घास गिळवत नसे. शेवटी मी दार लावून घेऊ लागलो.

दसऱ्याला फाटक वाजलं. हरणी, आणि तिच्यामागं कपाळाला आठ्या घातलेले तात्या. आले ते माझ्या बरगडीत बोटंच घातली.

"डोळ्याला दिसाय लागल्यात की! खायाला कोण देतंय का न्हाय?"

"देतात. ताट भरून."

"तितंच चुकतंय. लांब जाणाऱ्याला तुडुंब चारत न्हाईत."

त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेली पुरणपोळी काढली. अर्धी माझ्या तळहातावर ठेवली. "द्या तिला. ह्याच दारात घ्यायची सवय लावलीया वैनीनं."

"तात्या, शर्यत परवा आहे ना?"

"हाय की. द्या गप."

हरणीनं पोळी उचलली. हात ओला झाला. उरलेल्या अर्ध्या पोळीचे तात्यांनी दोन तुकडे केले. एक माझ्या हातात कोंबला, दुसरा कागदात गुंडाळून खिडकीत ठेवला.

"ह्यो आत्ता. त्यो दुपारी. मी बघाय येनार हाय."

आणि लगाम हातात धरून, रागानं माझ्या गळ्याकडे बघत ते उभे राहिले; घास खाली उतरेपर्यंत.