सात दिवसांचे ओसाका

आमच्या दोडामार्गच्या काजू कारखान्यातून जपानमधील ओसाकाशी बोलणे ठरले, की भिंतीवरचे घड्याळ सात दिवस आधीच प्रवासाला निघते. तेथील वेळ आपल्यापुढे साडेतीन तास. आंतोनमामा रोज सकाळी स्टुलावर चढून काटे अर्धा तास पुढे ढकलतात. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून येतात. सातव्या दिवशी घड्याळ ओसाकाला पोहोचते.

आंतोनमामा पंचवीस वर्षे जहाजावर स्वयंपाकी होते. निवृत्तीनंतर माझ्याकडे पत्रव्यवहार पाहतात. मी एकदा म्हणालो, "मामा, मोबाइल दोन्ही वेळा दाखवतो."

"झिला, मोबाइलाक झोप खंय आसा? माणसाक हळूहळू नेवचा लागता. जहाजार असाच करतत."

पन्नाशी उलटलेल्या मला ते अजूनही झिला, म्हणजे पोरा, म्हणतात. परतीचा प्रवास मात्र ते एका झटक्यात उरकतात. "घराक येताना कोण हळू येता रे?"

चौथ्या दिवशी आमचे कार्यालय कोणत्या देशात असते, हे देवालाच ठाऊक. काजू सोलणाऱ्या बायका घड्याळ पाहून डबे सोडतात आणि मी, पदवीधर मालक, गुपचूप मनगटाकडे पाहतो.

यंदा ओसाकाच्या खरेदीदार बाई मागणी पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवणार होत्या. त्यांनी नकार दिला असता, तर पावसाळ्यात त्या बायकांना काम उरले नसते. बोलणे तेथील दुपारी दोनला ठरले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मामा घरी गेल्यावर एक व्यापारी आला. घड्याळाकडे पाहून तो हसला, "काय शेठ, तुमच्याकडे काळोख लवकर पडता काय?" मला लाज वाटली. मी काटे भारतात आणून ठेवले. तो गेल्यावर त्या लाजेचीच लाज वाटली. बोटांवर मोजून मी काटे पुन्हा पुढे नेले. त्यात माझ्या नकळत अर्धा तास राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी सातवा अर्धा तास ढकलला आणि आम्ही घड्याळात दोन वाजता संगणकासमोर बसलो. खिशातला मोबाइल मी पाहिलाच नाही. इतकी वर्षे ज्या घड्याळाची थट्टा केली, त्याच्यावर मी नेमका त्या दिवशी विश्वास ठेवला. पडद्यावर बाई कागद आवरत होत्या. अर्धा तास वाट पाहून त्या उठल्याच होत्या.

मी बोलण्यापूर्वी मामा आपल्या जहाजी इंग्रजीत म्हणाले, की घड्याळ मी लावतो, मी म्हातारा आहे, चूक माझी. आणि मी गप्प बसलो. बाईंनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली.

पडदा विझल्यावर मी कसेबसे म्हणालो, "मामा, काटे मी फिरवले होते."

"माका म्हायत आसा. मी रोज मोजून सरकयतंय, माझो अर्धो तास सांडूचो नाय."

"मग स्वतःवर का घेतलेत?"

"तुका त्या बाईशी वरसभर बोलूचा आसा. तुझ्या शब्दार बायकांचो पावस जाता. माझ्या शब्दाची वाट कोण बघता रे?"

दुसऱ्या दिवशी मी बाईंना आधी सारे खरे सांगितले. मग, मागणीचा विषय काढण्यापूर्वी, त्यांनी विचारले, "ते वृद्ध गृहस्थ आज नाहीत का?"

मी दाराकडे हाक मारली. मामा लगेच आले नाहीत. बाहेर नळ सुटल्याचा आवाज आला. ते केसांवरून पाण्याचा हात फिरवत होते. मी माझी खुर्ची रिकामी केली.